आधी माप, मग पिस्टन, मग बोअर
छोट्या ट्रॅक्टरचं इंजिन घरी बांधणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"बोअर मारून ठेवा, पिस्टन दोन दिवसांनी आणतो." हे आमच्या बोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये रोज कोणी ना कोणी सांगतं आणि आमचं उत्तरही ठरलेलं असतं: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर मारत नाही (म्हणजे झिजलेलं सिलिंडरचं भोक मशीनवर कापून मोठ्या मापाला नेत नाही). मग नाराजी होते, "बाकीचे तर मारून देतात" हेही ऐकून घ्यावं लागतं. म्हणून हे पत्रक. द्राक्षबागेत चालणारे १८ ते २४ एचपीचे, दोन-तीन सिलिंडरचे ट्रॅक्टर जे आपल्या शेडमध्येच खोलतात, त्यांच्यासाठी ते आहे. इंजिन उतरवणं, हेड काढणं तुम्हाला येतं असं धरून चाललोय.

साइज आणि माप

पिस्टनच्या डब्यावर ०.५० लिहिलेलं असतं. मेकॅनिक त्याला 'वीस' म्हणतात, कारण अर्धा मिमी म्हणजे साधारण वीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग). त्याचा अर्थ एवढाच की हा पिस्टन मूळ बोअरपेक्षा अर्ध्या मिमीने मोठ्या बोअरसाठी आहे. पिस्टन नेमका किती भरतो, ते मायक्रोमीटर लावल्यावरच कळतं. समजा मूळ बोअर ७८ मिमीचा आहे आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे ०.५० चे पिस्टन समोर आहेत. एक ७८.४४ भरला, दुसरा ७८.४७. पिस्टन न बघता आम्ही बोअर ७८.५० ला मारून ठेवला, तर पहिल्याला ०.०६ मिमी क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली मोकळी जागा) मिळतो आणि दुसऱ्याला फक्त ०.०३. पहिला चालून जाईल. दुसरा घरी स्टार्ट होईल, शेडभोवती फिरेल, आणि बागेत ब्लोअरवर (फवारणीच्या पंख्यावर) तासभर फुल रेसला चालला की धरेल, म्हणजे बोअरमध्ये अडकून बसेल. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि त्या फुगण्याला जागा लागते.

क्लिअरन्स जास्त झाला तरी सुटका नाही. थंड इंजिनात पिस्टन टकटक वाजतो, ऑइल खातो, रिंगा लवकर जातात. मोठा झालेला बोअर परत लहान करता येत नाही. मग पुढची साइज नाहीतर स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नवी नळी). ज्यांचा खर्च दुप्पट झाला, त्यांच्यातल्या बहुतेकांचा बोअर आधी झालेला असतो आणि पिस्टन नंतर आलेले असतात.

पिस्टन स्कर्टच्या (रिंगांखालच्या भागाच्या) तळाशी, गजन पिनच्या (पिस्टनला रॉड जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात मोजतात. वरचं तोंड मुद्दाम लहान ठेवलेलं असतं, कारण तेच जास्त तापतं. शिवाय पिस्टन गोल नसून किंचित लंबगोल असतो. घरी व्हर्निअर तोंडाला लावून "पिस्टन छोटा पाठवलाय" म्हणून दुकानदाराशी भांडू नका. हे शतांश मिमीचं काम व्हर्निअरचं नव्हे.

पिस्टन आणल्यावर ब्लॉक आणि पिस्टन रात्रभर शेजारी ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर घेतो, त्यावरही "उगाच वेळ काढता" असं बोलणं होतं. दुचाकीच्या डिकीत उन्हातून आलेला पिस्टन ब्लॉकपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर ७८ मिमीवर तो सुमारे ०.०३ मिमी मोठा भरतो. वरच्या उदाहरणातला सगळा फरक तेवढाच होता.

साइज किती लागेल

ते ब्लॉक मोजल्यावर ठरतं. म्हणून पहिल्या खेपेला ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि हेड आणा, पिस्टन विकत घेऊन येऊ नका. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांना मोजून कागदावर लिहून देतो. काम आमच्याकडे करा की नका करू, मापाचे पैसे नाहीत. मग त्या साइजचा सेट बाजारात आहे का ते बघा. काही मॉडेलना ०.२५ मिळत नाही, थेट ०.५० वर जावं लागतं. पिस्टन आमच्याकडूनच घ्यायला हवेत असंही नाही. आमच्याकडे ठेवलेले सेट आधी मायक्रोमीटरखालून गेलेले असतात, इतकाच फरक.

यायच्या आधी घरी अंदाज घ्यायचा असेल तर साधी युक्ती आहे. एक रिंग बोअरमध्ये घाला आणि उलट्या पिस्टनने सरळ ढकलून वरच्या काठाच्या जरा खाली न्या, जिथे झीज सगळ्यात जास्त असते. रिंगेच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. तीच रिंग तळाशी, न झिजलेल्या जागी नेऊन परत मोजा. दोन्हींतल्या फरकाला ३.१४ ने भागा. वर ०.८५ आणि खाली ०.४० आली, तर ०.४५ भागिले ३.१४, म्हणजे बोअर वरच्या बाजूला सुमारे ०.१४ मिमीने खाल्लाय. या आकाराच्या इंजिनात झीज ०.१५ च्या जवळ गेली की नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. चार-सहा महिने धूर कमी होतो आणि परत सुरू होतो.

"एकच सिलिंडर गेलाय, तेवढाच मारा" हेही नेहमीचंच. तीन पिस्टन तीन वजनांचे झाले की इंजिन थरथरतं. एक सिलिंडर फारच चरलेला असेल तर त्याला स्लीव्ह घालून तिन्ही एका मापावर आणता येतात. ते स्वस्तही पडतं, कारण एका खोल ओरखड्यासाठी तिन्ही सिलिंडर पुढच्या साइजला न्यावे लागत नाहीत.

क्रँकचाही हाच क्रम: आधी क्रँक मोजायचा, मग बेअरिंग घ्यायचे, मग ग्राइंडिंग. क्रँक इथेच ग्राइंड करा असा आग्रह नाही. पण कुठेही केलात तरी जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई राखली आहे का ते बघा. कोपरा धारदार ठेवला की क्रँक नेमका तिथेच तुटतो.

ब्लॉक कसा आणावा

रिकामा. कॅम काढलेला, ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढलेले, पाण्याच्या जॅकेटमधला गाळ खरवडलेला. मेन बेअरिंगच्या कॅप मात्र आपापल्या जागी बोल्टसकट लावून आणा. या कॅप ब्लॉकवर बसवूनच एका रेषेत मारलेल्या असतात. एकीची जागा दुसरीने घेतली की क्रँक जड फिरतो. रॉडच्या कॅपही तशाच. खोलताना नंबर दिसत नसेल तर सेंटर पंचने एका बाजूला ठिपके मारा: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. मार्करने लिहिलेलं डिझेलमध्ये पुसून जातं. ट्रॅक्टर कंपनीचा नसलेला, बाजारातला पिस्टन घेताना जुना पिस्टन शेजारी ठेवून पिनची जाडी, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची, माथ्यावरचा खड्डा आणि रिंगांच्या खाचांची रुंदी ताडून बघा. नाव एकच असलं तरी मॉडेलचं वर्ष बदललं की यातलं एखादं बदललेलं असतं.

घरी नेल्यावर आधी धुवा

आम्ही ब्लॉक धुऊनच देतो. तरीही बांधायच्या आधी तुम्ही परत धुवा. होनिंगने (बोअर मारल्यावर दगडाने घासण्याने) बोअरवर साधारण ४५ अंशांत एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा पडतात, ऑइल धरून ठेवायला त्या लागतातच. पण त्याच रेषांत होनिंगच्या दगडाची भुकटी अडकते. डिझेलने किंवा पेट्रोलने पुसलं की तेलकटपणा जातो, भुकटी तिथेच राहते. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि नायलॉनचा ब्रश घ्या आणि प्रत्येक बोअर घासा. पांढऱ्या कापडाला ऑइल लावून बोअरमध्ये फिरवा. कापड राखाडी आलं तर परत पावडर, परत पाणी. कापड पांढरं येईपर्यंत हे चालू ठेवा. तीन-चार वेळा करावं लागलं तर नवल नाही. गॅलरीच्या भोकांतून आणि क्रँकच्या ऑइलच्या छिद्रांतून लांब ब्रश घाला, मग कॉम्प्रेसरची हवा मारा. वाळवल्या वाळवल्या बोअरला ऑइल लावा. पावसाळी हवेत उघडा बोअर पाहता पाहता तांबूस होतो.

नव्या रिंगा वीस तासांत गेल्या, बेअरिंगवर रेघोट्या पडल्या, अशी इंजिनं परत येतात तेव्हा आम्ही आधी ऑइलच्या फिल्टरची घडी उलगडून बघतो. करडी भुकटी सापडली की कारण कळलं.

बांधताना

प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये घालून फट मोजा. सर्व्हिस मॅन्युअलचा आकडा पाळा. या मापाच्या बोअरला तो बहुधा ०.२५ ते ०.४५ मिमीच्या आसपास असतो. फट कमी असेल तर टोक कानशीने हळू घासा. ही पायरी टाळली तर गरम रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते. ज्या बाजूला खूण कोरलेली असते ती वर. तीन रिंगांच्या फटी १२० अंशांवर विभागा, पण एकही फट पिनच्या रेषेत किंवा तिच्या काटकोनात येऊ देऊ नका.

बेअरिंगच्या आतल्या बाजूला ऑइल लावा, पाठ कोरडी आणि पुसलेली हवी. पाठीला ऑइल किंवा केस राहिला तर बेअरिंग नीट बसत नाही. टॉर्क पाना वापरा आणि दोन-तीन टप्प्यांत घट्ट करा. एकेक कॅप घट्ट केली की क्रँक हाताने फिरवून बघा. जड झाला तर चूक आत्ताच लावलेल्या कॅपमध्ये आहे, तीच सोडा. सगळ्या लावून शेवटी फिरवलं तर कुठली जड आहे ते शोधायला सगळं परत खोलावं लागतं. टॉर्क पाना आणि रिंग दाबायचा पट्टा अनामत ठेवून आमच्याकडून नेता येतो.

हेड किंवा ब्लॉक फेसिंग केला (वरचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट केला) असेल तर पिस्टन आणि हेडमधलं अंतर मोजा. दीड मिमीची मऊ सोल्डर तार पिस्टनच्या माथ्यावर पिनच्या रेषेत ग्रीसने चिकटवा. जुनं गॅस्केट घालून हेड टॉर्कवर घट्ट करा, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वरून एकदा जाऊ द्या, मग चपटी झालेली तार मोजा. अनेक छोट्या इंजिनांत हे अंतर ०.५ ते ०.७ मिमी असतं. कमी आलं तर जाड गॅस्केट लागेल. हेड बोल्टच्या भोकांतलं ऑइल आणि पाणी हवेने उडवा. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल राहिलं आणि बोल्ट आवळला की त्या दाबाने ब्लॉक तडकतो.

टायमिंगच्या खुणा एकदा जुळवल्या आणि क्रँक दोन फेरे फिरवला की त्या परत जुळत नाहीत म्हणून लोक घाबरून फोन करतात. मधल्या गिअरच्या दातांची संख्या वेगळी असल्याने त्याच्यावरच्या खुणा बऱ्याच फेऱ्यांनी समोर येतात. बसवताना जुळल्या होत्या ना? मग हात लावू नका. डिझेल पंपाखालच्या पातळ शिमा (पत्र्याच्या पट्ट्या) मात्र जितक्या निघाल्या तितक्याच परत घाला, कारण पंपाचं टायमिंग त्यांच्यावरच आहे.

स्टार्ट आणि पहिले तास

डिझेल बंद ठेवून सेल्फ मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. एका वेळी दहा सेकंदांवर नको, मध्ये थांबा. मग डिझेलच्या लाइनमधली एअर काढून स्टार्ट करा.

"नवीन इंजिन आहे" म्हणून तास-दोन तास स्लो वर लावून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. तसं करू नका. रिंगा बोअरला घासून बसायला पाठीमागून दाब लागतो, तो लोड असल्याशिवाय येत नाही. लोड नसताना बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि इंजिन कायम ऑइल खातं. पाच-सात मिनिटांत तापमान आलं की हलकी ट्रॉली किंवा हलकी मशागत, रेस कमी-जास्त करत. पहिले दहा तास ब्लोअर आणि फुल रेस नको. साधं १५डब्ल्यू४० मिनरल ऑइल घाला आणि ५० तासांच्या आत फिल्टरसकट बदला. टॅपेटचा (व्हॉल्व्हवरचा) गॅप तेव्हाच परत तपासा.

आणि जुनं इंजिन का झिजलं ते बघितलंत का? तिन्ही बोअर वरच्या बाजूला सारखेच खाल्लेले असतील तर एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप काढून हातात वाकवा. क्लिपखाली चीर असते, जागेवर असताना ती दिसत नाही. गंधकाची धुरळणी आणि रस्त्याची धूळ तिथूनच आत जाते. हा पाइप न बदलता बांधलेलं इंजिन एका हंगामात परत येतं, बोअर कोणीही मारलेला असो.

ऑक्टोबर छाटणीनंतर रोजची फवारणी असते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये सगळेच एकदम ब्लॉक घेऊन येतात आणि नंबर लागायला आठवडा जातो. जुलैत आणलात तर पिस्टन मिळाल्यापासून दोन-तीन दिवसांत काम होतं. येताना फोन करायची गरज नाही, ट्रॅक्टरचं मॉडेल आणि इंजिन नंबर मात्र लिहून आणा.