गोकाक गिरणी आणि धुपदाळ बंधारा

घटप्रभा नदीच्या पाण्यावर उभी राहिलेली सूतगिरणी आणि तिच्या वरच्या अंगाचा दगडी बंधारा. दोन्ही ठिकाणे कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात आहेत. बेळगावात ‘गिरणीला जाऊन येतो’ म्हटले की डोक्यावर दळणाचा डबा आला. गोकाकची गिरणी मात्र पिठाची नव्हे, सुताची.

घटप्रभा सह्याद्रीत उगम पावून चंदगड भागातून खाली उतरते. आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येणारी हिरण्यकेशी तिला हुक्केरी तालुक्यात मिळते. पुढे गोकाकजवळ नदी वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. कड्याचा माथा घोड्याच्या नालासारखा वळलेला असून पुरात धार सुमारे १७७ मीटर रुंद होते. गिरणीला हवा होता तो हा उतार. कापूस भोवतालच्या काळ्या रानातून मिळण्यासारखा होता.

‘गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ १८८५ मध्ये स्थापन झाली आणि धबधब्याच्या उजव्या काठावर चात्या फिरू लागल्या. पाणी नळांतून दरीच्या तळाशी सोडायचे, तिथल्या टर्बाइनवर शक्ती मिळवायची आणि ती वर गिरणीला पुरवायची, अशी योजना. तळाच्या वीजघराकडे उतरायला तारेवरची ट्रॉली आहे. ‘देशातली पहिली जलविद्युत १८८७ साली इथेच’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते जपून घ्यावे: टर्बाइनने यंत्रे फिरवणे वेगळे आणि वीज निर्माण करून पुरवणे वेगळे. दार्जिलिंगजवळचे सिद्रापोंग वीजघर १८९७ चे आहे, आणि पहिलेपणाचा मान सहसा त्याला देतात.

धबधबा सगळ्यांना दिसतो, बंधाऱ्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. धबधब्याच्या वर सुमारे पाच किलोमीटरवर धुपदाळ येथे तो १८९७ मध्ये पूर्ण झाला. धरणासारखा तो सगळा पूर पोटात घेत नाही. पाण्याची पातळी उचलतो, कालव्याच्या तोंडाशी पाणी आणतो आणि जादा पाणी माथ्यावरून वाहू देतो. स्वातंत्र्यानंतर घटप्रभा प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात याच बंधाऱ्यावरून ७१ किलोमीटरचा डावा कालवा काढला गेला. म्हणजे एकाच साठ्यावर शेत आणि गिरणी असे दोन हक्कदार. उन्हाळ्यात कडा कोरडा पडतो तो केवळ पाऊस नाही म्हणून नव्हे. पाणी वरच अडते आणि वळते. १९७० च्या दशकात हिडकल धरण झाल्यावर मूळ घटप्रभेचे पाणी आणखी वर अडले. हिरण्यकेशी मात्र त्या धरणाच्या खाली मिळते, त्यामुळे आंबोलीत झोडपून पाऊस झाला की गोकाकला जायचे, हा बेळगावकरांचा हिशेब चुकत नाही.

बंधाऱ्यामागे साचलेल्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात करकोचे उतरतात. १९७४ मध्ये हा परिसर घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. गाळ आणि बेटे पाखरांच्या पथ्यावर पडली. साठ्याच्या दृष्टीने तोच गाळ नुकसानीचा.

गिरणीजवळ नदीवर सुमारे २०१ मीटर लांबीचा झुलता पूल आहे, खडकापासून जवळपास १४ मीटर उंच. समोरून दुसरा माणूस आला की फळ्या पायाखाली लवतात आणि चालणारा आपसूक तारेला हात घालतो. पावसाळ्यात खालचे पाणी दूध कमी घातलेल्या चहाच्या रंगाचे असते. काठावर महालिंगेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे. ते गिरणीच्या कित्येक शतके आधीचे.