गिटारचा ब्रिज उखडला म्हणून लगेच स्क्रू मारू नका

गिटारचा ब्रिज, म्हणजे वरच्या फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी, उखडला की कोल्हापुरात एक सल्ला हमखास मिळतो : ‘झटपट गोंद टाक, वर दोन स्क्रू मार, विषय कट!’ माझ्या भाच्यानं दोन्ही केलं. पंधरा दिवसांत ब्रिज परत उठला, वर फळीचा टवकाही घेऊन आला.

गोंद कमी ताकदीचा म्हणून ब्रिज सुटतो, हाच गैरसमज. स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण ७० किलोंचा ताण देतात. लाकडाला लाकूड नीट भिडलं तर सुताराचा साधा पांढरा गोंदही तो पेलतो. मध्ये पॉलिश किंवा जुन्या गोंदाच्या खपल्या राहिल्या, तर नवा गोंद धरतो तो त्या खपल्यांनाच. झटपट गोंद ठिसूळ. पुढच्या वेळी तो खरवडताना कारागिराचा जीव जातो.

तारा काढा, कोरं लाकूड दिसेपर्यंत दोन्ही बाजू साफ करा, पातळ थर द्या. आवाजाच्या भोकातून क्लॅम्प घालून २४ तास आवळून ठेवा. आपल्याकडच्या आषाढात मी दोन दिवस ठेवतो.

व्हायोलिनला मात्र हे लावू नका. तिथला ब्रिज, म्हणजे घोडी, चिकटवायचीच नसते, ती तारांच्या दाबावर उभी राहते.