बाळ किती आठवड्यांचं? एका इंजेक्शनचा प्रश्न आणि बेळगावातलं संशोधन

सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपल्याकडच्या जुन्या बायका अजून ठामपणे सांगतात. हे खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाची ताकद वाढवतो, त्यामुळे आठव्या महिन्यातल्या बाळाची आशा सातव्यातल्यापेक्षा नेहमी जास्तच असते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली आणि त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतातली होती. पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या मृत्यूंचं जगातलं सर्वांत मोठं कारण अपुरे दिवस आणि त्यातून उद्भवणारी गुंतागुंत हेच आहे.

या बाळांची पहिली लढाई श्वासाची असते. फुफ्फुसात हवेच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्या आतल्या ओलाव्यामुळे त्या मिटायला बघतात, जशा ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, तो हे चिकटणं थांबवतो. तो तयार व्हायला २४ व्या आठवड्याच्या सुमारास सुरुवात होते, पण पुरेसा साठा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेलं बाळ प्रत्येक श्वासाला मिटलेली फुफ्फुसं नव्यानं उघडत राहतं. दोन-तीन दिवसांत ते थकतं. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक याच आजारानं जन्मानंतर दोन दिवसांत गेला. तेव्हा जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाच्या बाळासाठीसुद्धा उपाय नव्हता.

उपायाचा धागा सापडला तो न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांत. ग्रॅहम लिगिन्स हे ऑकलंडचे डॉक्टर प्रसूतीच्या कळा कशानं सुरू होतात याचा शोध घेत होते. त्यासाठी स्टेरॉइड हे संप्रेरकासारखं काम करणारं औषध दिल्यावर फार लवकर जन्मलेली कोकरं जगायला नको होती, पण ती श्वास घेत होती. तपासलं तर त्यांची फुफ्फुसं वयाच्या मानानं पुढे गेलेली. लिगिन्स यांनी रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञांना बरोबर घेऊन गरोदर बायांवर चाचणी केली आणि १९७२ साली निकाल छापला: वेळेआधी कळा आलेल्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो आणि जास्त बाळं जगतात. पुढे अशा अनेक चाचण्या झाल्या. वैद्यकीय पुरावे गोळा करून तपासणाऱ्या कोक्रेन या जागतिक संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा दिसतात, त्या याच इंजेक्शनाच्या चाचण्यांचे निकाल आहेत. पुरावा असून डॉक्टर वर्षानुवर्षं ते वापरत नव्हते, याची आठवण त्या चिन्हात राहिली आहे.

आपल्याकडे डॉक्टर त्याला बाळाची फुफ्फुसं तयार होण्याचं इंजेक्शन म्हणतात. डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड, ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, एकूण चार वेळा. औषध स्वस्त आहे आणि साध्या दवाखान्यातही असतं. मग ते गावोगावी पोचवावं, एवढंच काम उरलं होतं असं वाटत होतं.

इथे बेळगाव या कथेत येतं. केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातला माता-बाल आरोग्य संशोधन विभाग दोन दशकांहून जास्त काळ अशा चाचण्यांत आहे. बाळंतपणानंतरचा जादा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येतो, हे दाखवणारी १,६२० बायांची चाचणी याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली आणि २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिथल्या गोळ्या तज्ज्ञ डॉक्टरांनी नव्हे, उपकेंद्रांतल्या नर्सबाईंनी दिल्या होत्या. परदेशातल्या पुस्तकात आपल्या तालुक्यांतल्या बायांच्या नोंदींवर आधारलेले नियम छापले जातात, हे सीमाभागातल्या माणसाला सहसा माहीत नसतं. ते माहीत असायला हवं, म्हणून हे सांगतो आहे.

२०११ ते २०१४ या काळात सहा देशांत एक मोठी चाचणी झाली: अर्जेंटिना, ग्वाटेमाला, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि भारत. भारतातली ठिकाणं दोन, बेळगाव आणि नागपूर. १०१ ग्रामीण-निमग्रामीण विभाग घेतले. निम्म्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवलं की वेळेआधी कळा येण्याचा धोका ओळखा, तिथल्या तिथे इंजेक्शन द्या आणि आईला मोठ्या दवाखान्यात पाठवा. उरलेल्या विभागांत नेहमीची सेवा चालू राहिली. दोन्ही मिळून जवळपास एक लाख बाळांची नोंद झाली. सगळ्यांना यशाची खात्री होती.

निकाल उलटा आला. सर्वांत कमी वजनाच्या बाळांत मृत्यूचं प्रमाण घटलं नाही. सगळी बाळं धरून पाहिलं तर इंजेक्शन पोचवलेल्या विभागांत दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावली, नेहमीच्या सेवेच्या विभागांत २३.९. म्हणजे हजारामागे साडेतीन मृत्यू जास्त. आईला संसर्ग झाल्याची शंकाही वाढली होती. हा सहा देशांचा एकत्र आकडा आहे, एकट्या बेळगावचा नव्हे. पण चाळीस वर्षं जीव वाचवणारं म्हणून सिद्ध झालेलं औषध गावात नेल्यावर असं का वागलं, हा प्रश्न सगळ्यांपुढे उभा राहिला.

कारणं अनेक असतील. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते आठवड्यांचं. पाळी कधी चुकली, हे खेड्यातली बाई तारखेनं सांगत नाही. नागपंचमीच्या मागंपुढं, सौंदत्तीच्या यात्रेआधी, असं सांगते. आधीचं मूल अंगावर पीत असेल तर पाळी परत न येताच दिवस जातात, मग तेवढीही खूण उरत नाही. अशा वेळी कर्मचाऱ्यांच्या हातात रंगीत पट्टी होती. पोटावर लावून गर्भाशयाची उंची मोजायची आणि रंगावरून महिना ठरवायचा. पण आई अशक्त असली, बाळाची वाढ खुंटलेली असली, तर नववा महिनाही पट्टीवर आठवा दिसतो. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक आयांची बाळं पुढे त्या सर्वांत लहान गटातली निघालीच नाहीत. ज्यांना गरज नव्हती त्यांना औषध गेलं. स्टेरॉइड शरीराची संसर्गाशी लढण्याची ताकद थोडी दाबतं. जिथे बाळंतपणाची जागा स्वच्छ असेलच असं नाही आणि बाळ आजारी पडलं तर ताबडतोब उपचार नाहीत, तिथे तेवढा तोटाही जड जातो.

त्यानंतर डॉक्टरांत खरीखुरी फूट पडली. काही म्हणाले, गरीब देशांत हे इंजेक्शन थांबवा. काही म्हणाले, दोष औषधाचा नाही, ते देण्याच्या रीतीचा आहे. दोन्ही बाजूंकडे वजनदार कारणं होती, आणि फक्त अशाच वेळी निम्म्या आयांना औषध आणि निम्म्यांना साधं सलाईनचं इंजेक्शन देणं नीतीला धरून असतं. उत्तर माहीत असताना कुणाला औषध नाकारणं हा अन्याय आहे. उत्तर माहीत नसताना सगळ्यांना ते देत राहणं हाही तितकाच मोठा अन्याय, हे मात्र आपल्याला पटकन पटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं पुढची चाचणी बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानातल्या २९ रुग्णालयांत केली. बेळगाव यातही होतं. या वेळी अटी कडक होत्या. आठवडे सोनोग्राफीनं ठरवलेले हवेत आणि ते २६ पूर्ण ते ३४ च्या आत हवेत. पुढच्या ४८ तासांत बाळंतपण होण्याची खरी शक्यता हवी. आईला गंभीर संसर्गाची लक्षणं नकोत. शिवाय रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळाची काळजी घेण्याची सोय हवी. २,८५२ बाया सामील झाल्या. बेत याच्या दुपटीहून जास्त बायांचा होता, पण निकालावर अधूनमधून नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीला फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मध्येच थांबवली गेली, म्हणजे पुढच्या कुणाला औषधाविना राहावं लागू नये. सलाईन मिळालेल्या गटात २३.५ टक्के बाळं पहिल्या २८ दिवसांत गेली, डेक्सामेथासोनच्या गटात १९.६ टक्के. अशा २५ आयांना इंजेक्शन दिलं तर एक बाळ वाचतं. आयांमधला संसर्ग वाढला नाही. २०२० साली हा निकाल छापून आला.

औषध तेच, मात्रा तीच. बदललं होतं ते भोवतालचं: आठवड्यांची खात्री, आईची तपासणी, बाळासाठी तयार असलेली खोली आणि माणसं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत या सगळ्या अटी औषधाइतक्याच ठळकपणे लिहिल्या आहेत.

आता आपल्या भागाकडे बघा. डोहाळजेवण झालं की लेकीला माहेरी आणतात. म्हणजे २८ ते ३२ आठवडे. फुफ्फुसांच्या इंजेक्शनाचा काळ नेमका तोच आहे. समजा चंदगडची मुलगी खानापुरात दिलेली आहे. तिची पहिली सोनोग्राफी बेळगावात झाली, नोंद कर्नाटकात गरोदर बाईला मिळणाऱ्या तायी कार्डावर. सातव्या महिन्यात ती सीमा ओलांडून चंदगडला आली आणि ३१ व्या आठवड्यात रात्री पोटात दुखायला लागलं. कार्ड सासरी कपाटात आहे. महाराष्ट्राचं माता-बाल कार्ड नव्यानं काढलंय, त्यात आठवडे तोंडी विचारून लिहिलेत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ३१ धरायचे की ३५? त्या वेळी नवी सोनोग्राफी केली तरी शेवटच्या महिन्यांत अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून ठरवलेलं वय मात्र पाच ते सात दिवसांच्या फरकानं बरोबर येतं. निपाणी-कागल, अथणी-जत, खानापूर-चंदगड, सगळीकडे लेकी अशा ये-जा करतात आणि त्यांचे कागद मागे राहतात. माहेरच्या पिशवीत ओटीच्या खणाबरोबर पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट गेला पाहिजे, आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो नवऱ्याकडे आणि आईकडेही असला पाहिजे. आशाताईंनी सातव्या महिन्यात विचारायचा हा एक प्रश्न मला लोहाच्या गोळ्यांइतकाच मोलाचा वाटतो.

दुसरं, वेळेचं. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात कळा आल्यावर बेळगाव गाठायला किती वेळ लागतो, हे तिकडच्या माणसांना सांगायला नको. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत वेळेआधी कळा आलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिलं इंजेक्शन नर्सबाई देऊ शकतात. त्यासाठीही त्यांना आठवडे कळले पाहिजेत. आणि इंजेक्शन मिळालं म्हणून घरी थांबायचं नसतं. बाळाची काळजी घेणारी खोली जिथे आहे तिथेच बाळंतपण व्हावं, यासाठी ते दिलेलं असतं.

जन्मानंतरचंही ज्ञान बदललं आहे. 'बाळ पेटीत ठेवलंय' म्हटलं की आई वॉर्डात आणि घरची माणसं जिन्यावर, असं चित्र आपल्याला सवयीचं आहे. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर झालेल्या चाचणीत काही बाळं जन्मल्यापासूनच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या बाईच्या उघड्या छातीवर ठेवली, दिवसाला सुमारे १७ तास. बाकीच्यांना प्रकृती स्थिरावल्यावर तसं ठेवलं. मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले आणि ही चाचणीही फायदा दिसल्यामुळे लवकर थांबवली गेली. म्हणजे आजारी, अशक्त बाळाच्या खोलीतही आईची खाट हवी.

याउलट जन्मताना गुदमरलेल्या बाळांचं शरीर तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत नियम झाला आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तो तपासला, तेव्हा थंड ठेवलेल्यांत ४२ टक्के दगावली, न ठेवलेल्यांत ३१ टक्के. तिकडे चालतं म्हणून इकडे चालवलं असतं, तर हे कुणाला कळलंही नसतं.

'आमच्यावर प्रयोग करतात' ही भीती म्हणूनच मला समजते, आणि तिला उत्तर देण्याची जबाबदारी संशोधकांची आहे असं मी मानतो. कळा देणाऱ्या बाईपुढे कागद ठेवून अंगठा घेणं ही संमती नव्हे. तिला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे इथे मराठीत किंवा कन्नडमध्ये, काय माहीत आहे, काय नाही आणि कधीही नाही म्हणण्याचा तिचा हक्क, हे सांगावंच लागतं. नाही म्हटल्यावरही तिचे उपचार तसेच चालू राहतात. आपल्या घरातल्या कुणाला विचारणा झाली तर हे सगळं निवांत विचारून घ्यावं, कागदाची प्रत मागावी.

एक प्रश्न अजून बाकी आहे, ३४ ते ३६ आठवड्यांचा. अपुऱ्या दिवसांची सर्वांत जास्त बाळं याच काळात जन्मतात. अमेरिकेतल्या २०१६ च्या मोठ्या चाचणीत या काळात दिलेल्या स्टेरॉइडनं श्वासाचा त्रास कमी झाला, पण रक्तातली साखर उतरलेली बाळं १५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेली. साखर वेळीच मोजली आणि दूध पाजलं तर त्यावर इलाज होतो. कुणी मोजलीच नाही तर बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून या आठवड्यांत हे इंजेक्शन सुचवलं गेलं, तर डॉक्टरांना विचारायचं की पहिल्या दिवशी बाळाची साखर किती वेळा आणि कोण तपासणार आहे.