कंबर दुखते तर भूलवाल्या डॉक्टरकडे काहून जायचं?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येऊन "बीपी आहे का, कोणता दात हलतो का" विचारणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञाची आपल्याला एवढीच ओळख असते. त्यामुळे नागपुरात धंतोली-रामदासपेठेत कुणी सांगितलं की कंबरेसाठी पेन क्लिनिकला, म्हणजे फक्त दुखण्यावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, दाखवा आणि तिथे भूलतज्ज्ञ बसतात, तर माणूस आधी घाबरतो, काहून भाऊ, ऑपरेशन करून राहिले का?

नाही. पण मणक्यातून कोणती नस कुठून निघते, सुई किती आत न्यायची, औषध किती टाकलं की दुखणं थांबेल पण पाय हलत राहील, हे रोज करतं कोण? सिझेरियनच्या वेळी कंबरेत सुई देणारेच ना. दुखण्यावर सगळ्यांनी मिळून उपचार करायची पद्धत रुजवणारे अमेरिकेतले जॉन बोनिका पण भूलतज्ज्ञच होते, आणि शिकताना पैशासाठी कुस्त्या खेळलेले, त्याचं दुखणं त्यांना जन्मभर पुरलं.

तीन महिन्यांच्या वर टिकलं की ते क्रॉनिक दुखणं. यात गंमत अशी की जखम भरून गेलेली असते तरी नसा आणि मज्जारज्जू इतके हळवे होऊन बसतात की साध्या स्पर्शालाही दुखतं, नागीण होऊन गेलेल्या माणसाला विचारा, अंगावर सदरासुद्धा सहन होत नाही. म्हणून एमआरआय नॉर्मल आहे म्हणजे पेशंट नाटक करतो असं नसते. उलटंही होते, एमआरआयमध्ये मणक्यातली गादी सरकलेली दिसते आणि माणूस मजेत फुटाळा तलावावर फिरतो!

मग नेमकं दुखतं कुठून? इथे मला या भूलतज्ज्ञांची पद्धत भारी वाटते. सी-आर्म नावाच्या मशीनच्या एक्स-रेवर बघत संशय असलेल्या बारीक नसेपाशी थोडंसं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, टाकतात, ते नसेतले सोडियमचे दरवाजे बंद करते आणि सिग्नल पुढे जात नाही. पुढचे काही तास दुखणं गायब झालं तर नस बहुतेक सापडली, आणि नाही झालं तर बहुतेक दुसरीकडे शोधायचं. म्हणजे ही पहिली सुई उपचारासाठी नसतेच, ती तपासणी असते, आणि हे कोणी नीट सांगत नाही म्हणून "सुई घेतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुखलं, पैसे गेले" असं घरोघरी ऐकू येते. नस पक्की झाली की रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे सुईतून सोडलेल्या करंटने, तिला साधारण 80 डिग्रीला मिनिट-दीड मिनिट तापवतात. मणक्याच्या छोट्या सांध्यांतून दुखणं नेणाऱ्या बारीक नसांवर हे चालते, पाय चालवणाऱ्या मोठ्या नसेला हात लावत नाहीत. नस काही महिन्यांनी परत वाढते, दुखणं परत येऊ शकते, तेव्हा पुन्हा करता येते.

गोळ्यांचंही तसंच. प्रीगाबालिन मिरगीची, अमिट्रिप्टिलिन डिप्रेशनची, नेटवर वाचून लोक चिडतात की मला काय वेड लागलं का, पण या गोळ्या चेकाळलेल्या नसा शांत करतात, नसांच्या दुखण्यावर जिथे साध्या पेनकिलरचा फारसा उपयोग होत नाही तिथे.

आणि ती डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनसारखी साधी पेनकिलर मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने खाणं तर आपल्याकडे फारच वाईट, मे महिन्यात 45 डिग्रीत अंगातलं पाणी आधीच आटलेलं असते, त्यात ही गोळी किडनीकडे जाणारं रक्त अजून कमी करते. पेन क्लिनिकला गेलात तर आतापर्यंत काय काय खाल्लं त्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, लपवू नका.