घरपट्टीत वाचनालयाचा कर असतो का?

‘घरपट्टीतून ग्रंथालय कर कापला जातोच, मग वाचनालयाने वर्गणी मागणं बेकायदा आहे,’ असा निरोप अधूनमधून फिरतो.

समज अगदीच हवेतला नाही. तामिळनाडू, कर्नाटक, केरळमध्ये असा उपकर आहे. तिथे तो मालमत्ता करासोबत गोळा होतो आणि ग्रंथालयांकडे वळतो. महाराष्ट्राच्या १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात मात्र ही तरतूदच नाही. इथे पैसा येतो राज्याच्या अनुदानातून, तोही वाचनालयाच्या अ, ब, क, ड अशा वर्गानुसार. काही नगरपालिका स्वतःची वाचनालयं चालवतात, पण गावोगावची बहुतेक वाचनालयं नोंदणीकृत संस्थांची आहेत. नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने जागा दिली असेल, म्हणून वाचनालय त्यांचं होत नाही. फलकावर ‘सार्वजनिक’ लिहिलेलं असतं, गैरसमज बहुधा तिथेच होतो.

पडताळायचं कसं? घरपट्टीचं बिल काढा. शहरातल्या बिलात शिक्षण कर, रोजगार हमी कर, वृक्ष कर असे रकाने सापडतील. ग्रंथालयाचा शोधून बघा. मग वाचनालयात जाऊन नोंदणी क्रमांक, वर्ग आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च मागा. त्यात अनुदान आणि वर्गणी वेगवेगळी दाखवलेली असते. अनामत रक्कम भरली असेल तर तिची पावती जपा, ती परत मिळते.