सोया पदार्थात जीएम (जनुकीय बदल केलेला) घटक आहे का? डीएनए तपासणीसाठी अर्ज कसा करायचा

सोयाबीन, सोयावडी, सोयापीठ किंवा टोफू विकत घेणाऱ्या कोणालाही तो पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या तज्ज्ञाकडून, तपासून घेता येतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 मध्ये ही सोय आहे. एक अट मात्र हमखास हुकते: माल तपासणीला देणार आहोत, हे खरेदी करतानाच दुकानदाराला कळवावं लागतं. घरी पाकीट फोडल्यावर सुचून उपयोग नाही. दोन ओळी लिहून न्याव्यात आणि प्रतीवर दुकानाचा सही-शिक्का घ्यावा.

अर्जासोबत खरेदीचं बिल, ही पोच, ओळखपत्र आणि न फोडलेलं पाकीट ठेवावं. पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि 14 अंकी परवाना क्रमांक अर्जात उतरवावा. सुटं सोयाबीन असेल तर मूठभर नेऊ नका. हजारात एक दाणा जीएम असेल, तर तो नमुन्यात येण्याची 95 टक्के खात्री हवी असल्यास सुमारे 3,000 दाणे लागतात, म्हणजे साधारण 350 ते 400 ग्रॅम.

शुल्क भरण्याआधी त्या प्रयोगशाळेत पीसीआर तपासणी (डीएनएचा ठरावीक तुकडा शोधण्याची पद्धत) होते का, हे विचारा. प्रत्येक सरकारी प्रयोगशाळेत ती होत नाही. अधिसूचित अन्न विश्लेषकाची सही नसलेला खासगी अहवाल माहितीपुरताच राहतो.

अर्जात नुसतं ‘जीएम तपासणी’ लिहिणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नेहमीच्या प्राथमिक चाचणीत 35 एस प्रमोटर आणि नॉस टर्मिनेटर हे जीएम पिकांत बाहेरून घातलेले डीएनएचे दोनच तुकडे शोधतात. जीटीएस 40-3-2 या जुन्या जीएम सोयाबीनमध्ये ते सापडतात. मॉन 89788 या दुसऱ्या जीएम सोयाबीनमध्ये दोन्ही नसतात. म्हणून दोन्ही वाणांची इव्हेंटनिहाय चाचणी, म्हणजे त्या-त्या वाणातला नेमका जनुकबदल शोधणारी चाचणी, नाव घालून मागा. उलटही होतं: 35 एस मूळचा फुलकोबीच्या विषाणूतला, त्यामुळे कोबी-फ्लॉवर घातलेल्या सूप मिक्समध्ये तो उगाच दिसू शकतो. बीटी कापसाच्या सरकीची भुकटी मिसळली तरी तेच.

रिफाइंड सोया तेलावर पैसे घालवू नका. त्यात डीएनए जवळपास उरतच नाही. सोया सॉसमध्येही आंबवण्याने त्याचे तुकडे पडलेले असतात.

विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यावा, असं कायदा सांगतो. पदार्थ कायद्याला धरून नसल्याचं निघालं तर शुल्क परत मिळतं आणि अहवाल पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (त्या भागातला अन्न सुरक्षेचा प्रमुख अधिकारी) जातो. अहवाल हातात आल्यावर आधी लेक्टिन जनुकाची ओळ पाहा. लेक्टिन हे सोयाबीनचं स्वतःचं जनुक. तेच सापडलं नसेल, तर डीएनए नीट निघालेलाच नाही आणि खालच्या ‘आढळले नाही’ला अर्थ नाही. टक्केवारी दिली असेल तर ती एकूण पदार्थातली नसून त्यातल्या सोयाबीनमधली असते. मल्टिग्रेन आट्यात सोया 5 टक्केच असला, तरी अहवालात 40 टक्के जीएम दिसू शकतं.