सागवान घरी नेल्यानंतर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सागाची दारे बसवल्यानंतर पहिला कोरडा मोसम आला की "तुम्ही दिलेले लाकूड ओले होते" ही तक्रार आमच्याकडे हमखास येते, कारण तोवर फळ्यांच्या सांध्यांत फट दिसू लागलेली असते आणि चौकटीत घट्ट बसलेले पॅनेल सैल झालेले असते. वखारीतून निघणाऱ्या कापीव मालाचा ओलावा आम्ही मीटरने तपासतो व बिलावर नोंदवतो. तो 12 टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे लाकूड ओले झाले असेल, तर बहुतेक वेळा ते बांधकामाच्या जागी पोहोचल्यानंतर झालेले असते.

सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून त्याला पाणी लागत नाही, असा समज सर्वत्र आहे. मुंबईच्या गोदीत 1817 साली सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे, तेव्हा सागाच्या टिकाऊपणाबद्दल शंका नकोच. मात्र त्याच्या गाभ्यातील तेल आणि इतर द्रव्ये वाळवीला व बुरशीला रोखतात. हवेतला दमटपणा शोषून फुगणे आणि तो सोडून आकसणे हा लाकडाचा धर्म त्यांनी सुटत नाही. साग इतर अनेक लाकडांपेक्षा कमी हलतो, इतकेच. तरीही 12 इंच रुंदीची, वर्षवलयांना समांतर कापलेली फळी 18 टक्के ओलाव्यावरून 12 टक्क्यांवर आली, तर ती रुंदीत तीन ते चार मिलिमीटर आकसते.

नेमके हेच नव्या घरात घडते. गिलावा ओला असतो, कोब्यावर पाणी मारणे चालू असते, आणि त्याच खोलीत जमिनीवर फळ्या एकावर एक रचून वरून प्लॅस्टिक गुंडाळले जाते. त्या प्लॅस्टिकच्या आत जमिनीची ओल कोंडते आणि खालच्या फळ्या ती पीत राहतात. सुतार त्याच मापाने सांधे करतो, आणि घर कोरडे झाले की फटी पडतात. मग दार उतरवून पुन्हा जोडण्यात तुमचे, सुताराचे आणि आमचे दिवस जातात.

म्हणून माल ठोकळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावा. प्रत्येक थरामध्ये साधारण दोन-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या द्याव्यात आणि त्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत याव्यात, नाहीतर फळीला बाक येतो. वरून झाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. गिलावा पुरता वाळल्याशिवाय लाकूड आत नेऊच नये.

रंधा मारल्यावर दिसणाऱ्या हिरवट-काळसर पट्ट्यांमुळे माल परत आणू नये. उजेडात काही दिवसांत त्या सोनेरी तपकिरी रंगात मिसळतात. कडेचा पांढरा भाग मात्र रंगाचा प्रश्न नाही. त्याला गाभ्याचे संरक्षण नसते आणि वाळवी तिथूनच शिरते, म्हणून चौकटीच्या मालातून तो आम्ही काढतो. आमचा दर थोडा जास्त वाटतो त्याचे हे एक कारण आहे. सरस लावायचा असेल, तर रंधा मारल्यावर त्याच दिवशी, पृष्ठभाग थिनरने पुसून लावावा. तेल वर आल्यावर सरस नीट धरत नाही.

घराचे काम लांबले, तर घेतलेला माल सुतार येईपर्यंत आमच्या कोरड्या शेडमध्ये तुमच्या नावाने ठेवता येतो. नेण्याच्या दिवशी ओलावा तुमच्यासमोर पुन्हा मोजून दिला जाईल.